दूध झालं की

"झोपेतच उचलून नेते मी त्याला," इंजिनची आई दारातून कुजबुजली. "उठला तर रडून गोंधळ घालेल. बाहेर सामानाचा टेम्पो उभा आहे, आत्या."

आत्या जागची हलली नाही. एक हात या चौकटीला, एक हात त्या. "टेम्पो थांबेल," ती म्हणाली. "माझ्या दारातून चोरासारखं कुणी जायचं नाही. इतके दिवस तेच सांगतेय ना मी तुम्हाला? आणि आज शेवटच्या दिवशी…" वाक्य तिने तिथेच सोडून दिलं.

मी नुकतीच शाळेतून आले होते आणि जिन्याच्या पायरीवर दप्तरासकट बसून सगळं बघत होते. आम्ही वर राहतो. खालच्या दोन खोल्यांत आत्या एकटी राहते आणि पाळणाघर चालवते. ती माझी सख्खी आत्या, पण तिच्याकडे पोरं सोडणारे सगळेच तिला आत्या म्हणतात आणि सगळेच तिला टरकून असतात. मी नववीत गेल्यापासून कुणालाच टरकत नाही. आत्या सोडून.

चोर हा तिचा खास शब्द. पोर खेळात रमलं की हळूच सटकणारे आईबाप म्हणजे चोर. इंजिनचा बाबा पहिल्याच आठवड्यात बूट हातात घेऊन, नुसत्या मोज्यांवर, मांजरासारखा निघाला होता. आत्याने त्याला फाटकाशी गाठून असा झापला, की बिचारा नाड्या न बांधताच ऑफिसला गेला. आज तो रडणार नाही, तिने सांगितलं, पण उद्यापासून तुम्ही नुसते उठून उभे राहिलात तरी पायाला मिठी मारेल. सांगून जा. कधी येणार ते सांगा. आणि निघालात की परत परत मागे वळू नका.

कधी येणार, ते घड्याळात सांगायचं नाही. एवढ्याशा पोराला पाच वाजता म्हणजे काय कपाळ कळणार? आत्या बोटं दुमडून सांगायची. आधी जेवण. मग झोप. मग दूध. दूध झालं की आई. आणि एखाद्या आईला उशीर होणार असला, की आत्या त्या पोराचं दूधच उशिरा तापवायची. कप रिकामा व्हायला आणि आई दारात यायला एकच गाठ पडायची. पोरांना वाटायचं, दुधानेच आई येते.

पूर्वी तिच्या खोल्या पोरांनी भरलेल्या असायच्या. मग चौकात नवीन पाळणाघर निघालं, तिथे काय चाललंय ते ऑफिसात बसून मोबाइलवर दिसतं म्हणे. एकेक करून पोरं तिकडे गेली. राहिला इंजिन. छोटं स्टूल ढकलत, तोंडाने शिट्टी वाजवत घरभर फिरतो म्हणून इंजिन. आता त्याच्या आईची बदली झाली होती, लांब, दुसऱ्या गावी.

आणि ही पोरं पुढे सगळं विसरतात, हे आत्याइतकं कुणाला माहीत नसेल. मध्यंतरी आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो, तर मागून एक मिशी फुटलेला मुलगा सायकलची घंटी बडवत आला. "काकू, जरा बाजूला," म्हणाला. आत्या बाजूला झाली. तो गेल्यावर म्हणाली, याला माझा कान धरल्याशिवाय झोप यायची नाही. मी हसले. ती नाही हसली.

तर त्या दिवशी टेम्पो थांबला. आत्याने इंजिनला हाक मारून उठवलं नाही, कधीच उठवत नाही. पडदा थोडा सारला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तो आपोआप उठला, तेव्हा ती जमिनीवर त्याच्यासमोर बसली, डोळ्यांसमोर डोळे येतील अशी.

"आज तू गाडीत बसून नव्या घरी जाणार," ती म्हणाली. "आई असेल, बाबा असेल, तुझी उशी असेल. मी नसेन. मी इथेच असेन."

"उद्या?"

"उद्या नाही."

"उद्याच्या उद्या?"

त्याची आई पटकन पुढे झाली, "हो रे राजा, येऊ ना आपण…" आत्याने नुसती तिच्याकडे मान वळवली. 

"उद्याच्या उद्या पण नाही," आत्या म्हणाली.

मग तो रडला. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, आईचा फोन वाजत राहिला. आत्या त्याला रडू नको म्हणाली नाही. वाईट वाटलं की रडू येतं, एवढंच म्हणाली आणि थांबली. हुंदके विरळ झाल्यावर तिने विचारलं, चपला तू घालतोस की मी घालू? "मी," तो म्हणाला. उलट्या घातल्या. तिने तशाच राहू दिल्या.

फाटकाशी गेल्यावर तो आईचा हात सोडून मागे फिरला. आत्याचा हात पकडून त्याने तिची बोटं एकेक करून दुमडली.

"आत्या, तू जेव. मग झोप. मग दूध पी. मग मी येतो."

पोरांशी एकदाही खोटं न बोललेली माझी आत्या. तिने तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "बरं."

आणि ती आत वळली. टेम्पोचा आवाज कोपऱ्यापलीकडे जाईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. ती दुमडलेली बोटं तिने तशीच धरली होती.

संध्याकाळी माझी आई खाली आली आणि म्हणाली, झोपेतच नेला असता तर तुम्हालाच सोपं गेलं असतं. "मला गेलं असतं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मला वादविवादाच्या संघाची प्रमुख केलं, आणि मी ते ओरडून सांगायला धावतच आत्याकडे शिरले. दार सताड उघडं होतं. ओट्यावर धुतलेलं एकच ताट निथळत होतं. इंजिनची छोटी गादी अंथरलेली होती आणि चादरीवर सुरकुत्या होत्या. ती गादी आत्याच्या जेमतेम कमरेपर्यंत पुरेल.

आत्या दारासमोर त्याच्या स्टुलावर बसली होती. हातात त्याचा छोटा कप. तिला दूध आवडत नाही, साय नुसती दिसली तरी तिला मळमळतं. ती घोट घोट, अगदी हळू पीत होती.

मी दप्तर न काढताच तिच्याशेजारी जमिनीवर बसले. कपात अजून थोडं दूध होतं.