चांगल्या दिवसाचा आकडा

मी रक्तातली साखर मोजणारं एक यंत्र आहे, मित्रांनो; आता जुनं झालेलं. माणसाच्या बोटाचा एक थेंब, एवढंच माझं अन्न.

औरंगपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानातून मला पडेगावला आणलं ते तात्यासाहेबांच्या लेकीनं. तात्यासाहेबांना मधुमेह होता, त्यांच्या वडिलांनाही होता. म्हणून लेकीला धास्ती. पहिल्या दिवशी माझं फार कौतुक झालं. घरातल्या सगळ्यांनी बोटं पुढं केली. तात्यासाहेबांचे धाकटे भाऊ काकासाहेब तेवढे लांब राहिले. म्हणाले, "मला काय धाड भरलीय? मी हा असा काडीवाणी."

पुढं तात्यासाहेब मला फक्त एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढू लागले. आदला दिवस नुसत्या पाण्यावर काढलेला असे. आकडा चांगला येई. ओट्यावर बसून तात्यासाहेब तो आकडा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, लेकीला फोनवर सांगत, "सगळं नॉर्मल हाय, माय. उगं घोर करती." माझा आकडा खरा होता. पण तो एका उपाशी सकाळचा होता.

बाकीचे दिवस पंगतींचे. आपल्याकडं आग्रह मोडणं म्हणजे यजमानाचा अपमान. काकासाहेब स्वतः जिलबी घेऊन भावापुढं उभे राहत. "दादा, माह्या हातची एक. तुमचं मशीन इथं चुगली करायला येतंय व्हय?" पंगत हसे. तात्यासाहेब तोंड उघडत.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. एकाच घरात, एकाच आठवड्यात दोघं भाऊ आजारी पडले. बिड्या ओढणारे काकासाहेब थोडं खोकून उठून बसले. तात्यासाहेबांचा श्वास पुरेना. लेक धावत आली, तिनं त्यांच्या बोटाला सुई लावली. साखर माझ्या मोजमापाच्या पलीकडं गेली होती. मला आकडाच दाखवता आला नाही.

दवाखान्यात डॉक्टर तिला म्हणाले, "एकच विषाणू सगळ्यांना सारखा छळत नाही. काही फरक जन्मतःच अंगात असतो. तो अजून आम्हालाही पुरता कळलेला नाही, आणि तो कुणाच्या हातातही नाही. साखर मात्र..."

तात्यासाहेब घरी परतले नाहीत.

लोकांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. "रक्तातच होतं त्यांच्या. कोण काय करणार?"

वर्षश्राद्धाची पंगत उठल्यावर लेक मला घेऊन काकासाहेबांसमोर बसली.

"काका, एक थेंब द्या. तुमचं आणि बाबांचं रक्त एकच आहे."

काकासाहेबांनी हात मागं घेतला.

"आज नको, माय. आज लई गोड झालंय. एकादशी होऊ दे, मग पाहू."

तिनं मला पिशवीत ठेवलं आणि चेन ओढली.

मित्रांनो, मला धूळ पुसायला कुणी नको आहे. कौतुकही नको. एवढंच करा, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला चांगल्या दिवशी बोलावू नका. जिलबी खाल्लेल्या दिवशी बोलवा.