म्हणे, गणिताचं डोकं!

मित्रांनो, मी एक जुनी एमआरआय मशीन आहे आणि मी चिडलेली आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर दचकू नका. तसाही माझा आवाज मोठाच. माणूस माझ्या पोटातल्या बोगद्यात आडवा झाला, की मी ठकठक, घर्रघर्र असा दणका उडवून देते आणि त्याच्या शरीराच्या आतली चित्रं काढते. कानांत बोळे घातल्याशिवाय माझ्याजवळ कुणाला सोडत नाहीत.

मी आले तेव्हा दारातून मावले नाही. माझ्यासाठी खोलीची भिंत पाडावी लागली. काय कौतुक होतं तेव्हा माझं! मी म्हणजे एक भलंमोठं चुंबक. किल्ल्या, घड्याळ, पट्टा, सगळं बाहेर ठेवूनच आत यायचं. भले भले रुबाबदार लोक एका हाताने पँट सावरत माझ्यासमोर उभे राहिले आहेत. वर्षानुवर्षं मी गुडघे आणि कंबरा बघितल्या. मग दवाखान्यात नवी मशीन आली आणि मला मागच्या इमारतीत संशोधनाच्या कामाला लावलं. मला वाटलं, संपलं आपलं. पण खरी मजा तिथेच आली, कारण तिथे मुलं येऊ लागली.

त्यांना आणायची एक तरुण ताई. गणित शिकताना मेंदूत काय बदलतं, हा तिच्या अभ्यासाचा विषय. मुलं माझ्या पोटात झोपून आरशात दिसणारी गणितं बघायची. उत्तर बरोबर की चूक, ते बटण दाबून सांगायची. तेवढ्या वेळात मेंदूचा कुठला भाग किती राबतोय, ते मी टिपायचे. जास्त राबणारा भाग चित्रात लाल-पिवळा दिसतो. मग ताई त्या मुलांना काही आठवडे शिकवायची आणि पुन्हा माझ्याकडे आणायची.

तिथेच मला भिंगरी भेटली. शाळेतलं नाव वेगळं, पण पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून आईने ठेवलेलं हे नाव. आई शिवणकाम करायची. भिंगरीला मोठेपणी पूल बांधायचे होते. काड्या, पुठ्ठे, आईच्या रिकाम्या रिळी, हाताला लागेल त्याचा ती पूल करायची. पण बेरीज-वजाबाकी म्हटलं, की पोरीचा चेहरा पडायचा. आणि तिच्या शाळेची एक भयंकर रीत होती. वर्षाच्या शेवटी गणितात कच्ची मुलं दुसऱ्या तुकडीत टाकायची. त्या तुकडीत पुढे गणित शिकवतच नसत. एकदा तिकडे गेलं, की पुलांचं नाव काढायला नको. ही निवड करायच्या गणिताच्या बाई, आणि त्या बाई म्हणजे भिंगरीची सख्खी आत्या!

"घरची म्हणून मी सूट देणार नाही हं," पहिल्याच दिवशी आत्या माझ्यासमोर भिंगरीच्या आईला म्हणाली. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नकोस. काहींना गणिताचं डोकंच नसतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"पण वन्सं, ती प्रयत्न तर करते ना?" आई म्हणाली.

"कसला प्रयत्न? आळशी आहे नुसती. आणि प्रयत्नाने का कुणाचं डोकं बदलतं?"

माझा नुसता तिळपापड झाला! मित्रांनो, मी कितीतरी डोक्यांच्या आत बघितलं आहे. गणिताचं डोकं नावाची वेगळी वस्तू मला एकाही कवटीत सापडलेली नाही. आणि ही बाई, जिने कधी कुणाच्या डोक्यात डोकावून पाहिलं नाही, ती खुशाल तो आड कोरडा म्हणून सांगते! ती पोरगी तिथेच उभी होती. सगळं ऐकत होती. लहान मुलांना कान नसतात असं या मोठ्यांना वाटतं की काय, देव जाणे.

भिंगरी माझ्या पोटात आली आणि गणितं सुरू झाली. आठ अधिक पाच. बापरे, काय धावपळ उडाली तिच्या डोक्यात! घरात एकच पाहुणा यावा आणि सगळ्यांनी एकदम स्वयंपाकघरात घुसून एकमेकांना धक्के मारावेत, तसं झालं. पुढचा भाग राबतोय, बाजूचा राबतोय, मागचा राबतोय, सगळं लालेलाल. पोरगी मनातल्या मनात एकेक बोट मोजत होती आणि मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. कोण म्हणतं ही मेहनत करत नाही? तिच्याएवढं राबणारं डोकं मी क्वचितच पाहिलं होतं.

मग ताईने तिला शिकवायला घेतलं. ओरडणं नाही, घाई नाही. आईची मापं घ्यायची टेप जमिनीवर पसरायची आणि भिंगरीने तिच्या कडेने चालायचं. आठवर उभी राहा. दहाला किती कमी? दोन. मग पाचातले दोन आठला दे, झाले दहा. उरले तीन. दहा आणि तीन? तेरा! हेच रोज, वेगवेगळ्या आकड्यांनी. चुकलं तर ताई म्हणायची, "कुठून चाललीस ते दाखव," आणि दोघी पुन्हा टेपच्या सुरुवातीला. शेजारच्या खोलीतून मला भिंगरीची पावलं ऐकू यायची. आधी अडखळणारी, मग सरळ, मग धावती.

काही आठवड्यांनी ती पुन्हा माझ्याकडे आली. आता तिच्या डोक्यात केवढी शांतता! पाहुणा आला, एकाने पाणी दिलं, एकाने बसायला दिलं, संपलं. आठवणी जपणारा एक कोपरा तेवढा तत्परतेने उत्तरं काढून देत होता. जिथे आधी काट्याकुट्यांतून जावं लागत होतं, तिथे वाट रुळली होती. उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर. मला नाचता आलं असतं, तर मी नाचले असते.

आणि आता ऐका, मी का चिडले ते.

ताईने दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. आई आणि आत्या बघायला आल्या. पहिलं चित्र लाल-पिवळं, भरलेलं. दुसऱ्यात नुसते दोन-तीन ठिपके. आत्याने चष्मा सावरला आणि कपाळावर हात मारला.

"बघ वहिनी! होती नव्हती ती चमकही गेली. शिकवून शिकवून पोरीचं डोकं विझवलं यांनी!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. ताई घाईघाईने सांगू लागली, पण तिच्या तोंडून एकामागून एक असे जडजंबाल शब्द आले, की आई आणखीच घाबरली.

"उत्तरं बरोबर आलीत हो तिची!" मला चालवणारे ऑपरेटरकाका काचेमागून म्हणाले.

"पाठ केली असतील," आत्या म्हणाली. "चित्र का खोटं बोलेल? उद्याच तिचं नाव दुसऱ्या तुकडीत घालते. उगाच त्या डोक्याला ताण नको."

अगं बाई! माझंच चित्र, आणि माझ्याच चित्राने पोरीचा गळा कापायला निघालीस? मी चित्र काढते, निकाल देत नाही! एका चित्रावरून कुणाचं भविष्य ठरवू नये, हे ताई रोज घसा फोडून सांगते. पण मला ठकठक सोडून काही बोलता येत नाही. माझा राग माझ्याच पोटात घुमत राहिला.

भिंगरी मात्र चित्रांकडे टक लावून बघत होती. रडेल असं वाटलं मला. पण ती आत्याकडे वळली आणि म्हणाली, "आत्या, तुझं डोकं तर गणिताचं आहे ना? मग तुझं खूप लाल दिसेल. तू झोप ना आत, मला बघायचंय."

"चल, काहीतरीच!" आत्या म्हणाली. पण नाही म्हणायला तिला कारण सापडेना. ताईला तर मोठ्या माणसांची चित्रं हवीच होती. आत्याने चष्मा काढला, घड्याळ काढलं, केसांतल्या पिना काढल्या. पिना संपता संपेनात. मग ती माझ्या पोटात आली आणि डोळे गच्च मिटून घेतले. "डोळे उघडा, गणितं आरशात मोठ्या आकड्यांत आहेत," काकांनी आठवण केली. मी काही मुद्दाम जोरात ठोकलं नाही. पण हळूही ठोकलं नाही.

तीच गणितं, जी भिंगरीला दिली होती. आत्याने फटाफट बटणं दाबली. एकही चूक नाही. बाहेर येऊन केस सावरत ती ऐटीत पडद्यासमोर बसली. चित्र आलं.

जवळपास काळोख. भिंगरीच्या दुसऱ्या चित्रापेक्षाही कमी ठिपके.

काकांना खोकला आला. भिंगरीने तिन्ही चित्रांवरून बोट फिरवलं आणि अगदी काळजीने विचारलं, "आत्या, तुझंही विझलं?"

आत्याने चष्मा चढवून तिन्ही चित्रं पुन्हा पाहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "विझलं नाही गं. मला ते येतं, म्हणून राबावं लागत नाही." बोलता बोलता ती थांबली. तिची नजर पुन्हा पहिल्या, लालेलाल चित्रावर गेली. "म्हणजे ही पोर एवढी राबत होती? आणि मी तिला आळशी म्हणत होते?"

"मग मी तुझ्याच वर्गात ना?" भिंगरीने विचारलं.

"माझ्याच वर्गात."

आईने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, झालं, सगळं गोड झालं. पण भिंगरीचं संपलं नव्हतं. "मग आत्या," ती म्हणाली, "मागच्या वर्षी तू ज्यांना दुसऱ्या तुकडीत टाकलंस, त्यांचं चित्र कुणी काढलं होतं?"

हातातल्या पिना तशाच मुठीत धरून आत्या निघून गेली.

त्यानंतर ती आली, ती मुलं घेऊनच. चांगली उंच झालेली, मान खाली घातलेली मुलं. "यांना मीच वर्गातून काढलं होतं," ती ताईला म्हणाली. "शिकवशील का? मीही बसते इथे. कसं शिकवायचं ते मला बघायचंय." त्या दिवसापासून शेजारच्या खोलीत टेपच्या कडेने पुष्कळ पावलं चालतात.

म्हणून काय माझा राग गेला? मुळीच नाही! ती मुलं एक अख्खं वर्ष स्वतःला मठ्ठ समजत होती. एक मुलगी तर माझ्या पोटात शिरण्यापूर्वी काकांना म्हणाली, "माझ्यात काही दिसणार नाही, आधीच सांगते." तिचं ते वर्ष तिला कोण परत देणार आहे?

मित्रांनो, आता मी फार दिवसांची नाही. मला हलवायचं, तर पुन्हा एक भिंत पाडावी लागेल, म्हणून मुक्काम लांबला आहे एवढंच. जाण्यापूर्वी तुम्हाला हात जोडून सांगते. मेंदू तयार मिळत नाही, तो वापरून घडतो. ज्या वाटेने रोज जाल, ती रुळते. मळक्या भांड्याला आपण घासतो, फेकून देत नाही. मग जित्याजागत्या डोक्याला फेकून द्यायची एवढी घाई कशाला? आणि तुमच्याबद्दल कुणी म्हणालं, की याला डोकंच नाही, तर लाजू नका, मान खाली घालू नका. त्यांना सरळ विचारा: "तुम्ही शिकवून बघितलंत का?"