अक्काची संकष्टी आन् रूसचा चंद्र

देवगाव फाट्यावर माझं चहाचं हाटेल हाय. भिंतीवर पाटी हाय, 'येथे राजकारण बोलू नये'. लोकांना वाटतं ती निजामाच्या काळातली असंल. न्हाई. निजामाच्या काळात कुणाची बोलायची छाती होती? पाटी मी लावली निजाम गेल्यावर, आन् ती फक्त दोन माणसांसाठी लावली. एक किशनराव, दुसरे व्यंकटराव. दोघंबी नेमके पाटीखालीच बसायचे, एक या टोकाला, एक त्या टोकाला, आन् भिंतीला टेकून साऱ्या दुनियेचा कारभार हाकायचे.

किशनराव म्हंजी माझे दाजी, माझ्या धुरपदाअक्काचे मालक. फाट्यापासून कोसभरावर त्यांचं गाव. त्यांचा सगळा जीव अमेरिकेवर. कामून, तर अमेरिकेत मोठाल्या कंपन्या हाईत. चांगल्या मालाला दाजींच्या तोंडात एकच शब्द, 'कंपनीचा'. टॉर्च कंपनीची, कुलूप कंपनीचं, पाण्याचं इंजिन कंपनीचं. एकदा पाव्हण्यानं आणलेला आंबा लय गोड निघाला, तर म्हणले, 'वा, एकदम कंपनीचा हाय.'

व्यंकटराव ह्याच्या उलटे. पोलीस ॲक्शनच्या आधी ते निजामाशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात राहून आले होते, तिथं कुणीतरी त्यांच्या डोक्यात रशिया भरला. शाळा उर्दूत शिकलेले, म्हून रशिया म्हणायचे न्हाईत, रूस म्हणायचे. रूसमधी मालक न्हाई, कंपनी न्हाई, सगळं रयतेचं, असं सांगायला लागले की समोरचा चहा गार व्हायचा. मंग मला हुकूम, 'चंद्रभान, जरा गरम करून दे.' मी काय रूसचा नोकर हाय?

सुएझ कालव्याची मारामारी झाली त्या साली तर दोघांनी माझं डोकं पार खाऊन टाकलं. इंग्रज तिथून हटंना कामून, यावर सकाळ गेली, दुपार गेली. शेवटी दाजींनी इचारलं, 'पण त्या कालव्यावर किती ऊस भिजत असंल?' तवा मला कळलं की ह्यांना जहाजाचा कालवा ठाऊकच न्हाई. मी कपाळावर हात मारून घेतला. व्यंकटरावांनी मात्र हसायचं सोडून ऊस किती भिजत असंल याचा अंदाज सांगितला. असले दोघं.

पण हे भांडण तोंडापुरतं होतं, हेबी सांगितलं पायजे. एकाला ताप आला तर दुसरा पेपर बगलंत मारून त्याच्या घरी जाऊन भांडायचा. म्हून तर सोयरीक जुळली. व्यंकटरावांचा रामकिशन इंजिनं दुरुस्त करतो, हाताला गुण हाय. दाजींचं इंजिन बंद पडलं तवा तो आला. इंजिन सुरू झालं तरी तो 'बघतो, आवाज बरोबर हाय का' म्हणत येतच राहिला. आन् माझी भाची कमल मला बाजूला घेऊन इचारती, 'मामा, कंपनीचं इंजिन पुना कवा बिघडतं?' मी काय ते समजलो. अक्काला सांगितलं, अक्कानं दाजींच्या कानावर घातलं, दोन्ही घरं राजी झाली. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, पण सोयरीक पक्की करायची सुपारी अश्विनातल्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी फोडायची, असं ठरलं. अक्कानं कमलला चांगलं घर मिळावं म्हून वर्षभर संकष्ट्या धरल्या होत्या. ही शेवटची. चंद्र बघून ती सोडायची, सकाळी सुपारी फोडायची, असं तिच्या मनात होतं.

आन् नेमका तवाच रूसनं आभाळात चंद्र सोडला.

कोजागिरीच्या तोंडावर मोटारीनं पेपर आला. व्यंकटरावांनी तो वाचला आन् बाकड्यावर उभेच राहिले. 'रूसनं चंद्र बनवला. बनवून वर सोडला. दुनियेला घिरट्या घालायलाय. ह्याला म्हणतात रयतेचं राज.'

दाजींनी मिशीवरची चहाची साय पुसली. म्हणले, 'रशियात कंपनी हाय का?'

'न्हाई.'

'मंग माल कुठून आला? सरकारी माणसांनी चंद्र बनवला म्हणता? आमच्या गावची सरकारी विहीर अजून बांधून व्हईना.'

'पेपरात आलंय.'

'पेपरात केस उगवायचं तेलबी आलंय. लावून बघा.'

व्यंकटरावांच्या डोक्यावर केस न्हाईत. तिथं बोलायला नको होतं. हाटेलातले लोक हसले, आन् लोक हसले की ह्या वयाच्या माणसांना भान राहत न्हाई. व्यंकटराव बाकड्यावरून उतरले, उपरणं झटकलं आन् म्हणले, 'किशनराव, डोळ्यावर कातडं ओढलेल्या माणसाच्या घरची सून मला नको. तो चंद्र हाय असं तुमच्या तोंडानं म्हणा, तवाच सुपारी फुटंल.'

'मेलो तरी म्हणणार न्हाई. आन् पेपरातल्या लबाडीला भुलणाऱ्याच्या घरी माझी पोरगी जाणार न्हाई.'

झालं. एक जिंतूरच्या रस्त्यानं गेला, एक सेलूच्या. मी हातात किटली धरून तसाच उभा. मला असा राग आला की पाटी काढून दोघांच्या पाठीत घालावी. तो पेपर फाडला आन् भट्टीत घातला. त्यानं काय व्हायचं होतं?

सांजच्याला अक्काकडं गेलो. दाजी ओसरीवर तोंड फिरवून बसलेले. अक्काला सगळं सांगितलं. तिला पेपरातलं काय कळत न्हाई, तिनं इचारलं, 'कोण रुसलं म्हणलास?'

'रुसलं न्हाई अक्का. रूस. मुलूख हाय तो.'

'त्यो मुलूख राहिला तिकडं. रुसून बसले हे दोघं.' एवढंच म्हणली आन् चुलीकडं वळली.

कमल गोठ्याच्या दाराशी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. रडली न्हाई. नुस्तं म्हणली, 'मामा, इंजिन चांगलं चालू हाय आता.' ह्या पोरीला मी खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत हिंडवलेलं. एका चंद्रापायी, जो कुणी बघितला सुदिक न्हाई, तिचं चांगलं ठिकाण मोडायलंय, आन् मोडणारे कोण, तर सुएझवर ऊस भिजवणारे.

मी दोघांचाबी चहा बंद केला. आले तरी दिला न्हाई. व्यंकटराव म्हणले, 'माझा काय गुन्हा?' मी म्हणलो, 'रूसमधी जाऊन प्या.' पण चहा बंद करून माणूस नमत न्हाई.

संकष्टीच्या दिवशी सकाळीच अक्काचा सांगावा आला. व्यंकटरावांना घेऊन ये. म्हणावं, तुमचा चंद्र दिवस बुडाल्यावर दिसतो म्हणतात, आमच्या अंगणातून आभाळ मोकळं हाय, येऊन दाखवा. मी म्हणलो, येत्यात का ते. पण रूसचा चंद्र दाखवा म्हणल्यावर ते काय घरी बसतेत? धोतर बदलून आले. संगं रामकिशनला आणलं, नजर तेज हाय म्हून.

अंगणात अक्कानं दोन बाजा टाकल्या होत्या. एका टोकाला व्यंकटराव, एका टोकाला दाजी. हाटेलातल्यावानीच. मधी अक्का ताट मांडून बसली, दूर्वा, हळद-कुंकू, पाण्याचा तांब्या, मोदक. सकाळपासून पोटात पाण्याबिगर काय न्हाई तिच्या. खरा चंद्र उगवायला लय येळ होता. पूर्वेकडं नुस्ता अंधार पडायलेला.

'त्ये बगा,' रामकिशन म्हणला.

एक चांदणी चालायली होती. देवाशपथ सांगतो, चालायली होती. बाकीच्या चांदण्या जाग्यावर आन् ही आपली संथ, कुणाला काय न इचारता, आमच्या लिंबाच्या शेंड्यावरून पलीकडं निघालेली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. माझ्या आयुष्यात मी तसं काय बघितलं न्हाई. सगळे भांडणं विसरलो मी तेवढ्या येळात. व्यंकटराव उभे राहिले, हात जोडले आन् मंग आपण देव मानत न्हाई हे आठवून खाली सोडले. दाजी बाजेवर बसूनच म्हणले, 'इमान उडायलं असंल.'

अक्का उठली. त्या चांदणीला पाणी घातलं. हळद-कुंकू वाह्यलं. ओवाळलं. आन् मोदक मोडून तोंडात घातला.

दाजी बाजेवरून उडालेच. 'अगं, अगं, काय करायलीस? चंद्र कुठं उगवलाय अजून?'

'हा काय गेला. व्यंकटराव म्हणतात चंद्र हाय.'

'तो चंद्र न्हाई.'

अक्कानं घास गिळला, पाणी पिली आन् पदरानं तोंड पुसलं. 'न्हाई? मंग माझा उपास मोडला. वर्षभराच्या संकष्ट्या पाण्यात गेल्या. लेकीच्या नावानं धरल्या होत्या. चंद्र न्हाई, तर मोडला म्हणा. तुमी घरचे मालक, तुमच्या तोंडानं म्हणा. कमल, इकडं ये गं, ऐक तुझे बाबा काय म्हणतेत.'

कमल आली आन् आईच्या बाजूला उभी राहिली. दाजी एकदा बायकोकडं बघायलेत, एकदा लेकीकडं. व्यंकटराव गालातल्या गालात हसायले.

'आन् तुमी हसू नका, व्यंकटराव,' अक्का त्यांच्याकडं वळली. 'तुमी म्हणता, उपास-तापास सगळं झूट. मंग आता सांगा, माझा उपास सुटला का न्हाई? सुटला म्हणाल तर उपास खरा. न्हाई सुटला म्हणाल तर तुमचा चंद्र खोटा.'

व्यंकटरावांचं हसू जागीच राहिलं. रामकिशन मान खाली घालून उभा, पण त्याचे खांदे हलायलेले मला दिसले.

व्यंकटरावांनी टकलावरून हात फिरवला. 'सुटला, वैनी,' म्हणले. 'रीतसर सुटला.'

मंग सगळ्यांनी दाजींकडं बघितलं. दाजी आभाळाकडं बघत होते, तिथं आता काय न्हाई. मग खाकरले.

'चंद्र हाय,' म्हणले. 'पण कंपनीचा न्हाई.'

'न्हाई तर न्हाई,' व्यंकटराव म्हणले. 'कंपनीचा न्हाईच म्हणतो मी.'

सकाळी सुपारी फुटली.

जाताना मी अक्काला गोठ्याच्या आडोशाला गाठलं. म्हणलं, 'खरं सांग, घास गिळलास का पदरात टाकलास?'

'गिळला की.'

'आन् तुझ्या वर्षभराच्या संकष्ट्या?'

'ज्या पोरीसाठी धरल्या, तिच्यासाठीच सोडल्या,' अक्का म्हणली. 'गणपतीला आई न्हाई का घरात? त्याला कळतंय.' मंग म्हणली, 'पण तो चंद्र लय बारका होता रे. त्यापेक्षा मोदक मोठा.'

तुळशीची लग्नं लागली, मंग आमच्या घरचं लागलं. त्याच्या आधी रूसनं आणखी एक चंद्र सोडला आन् ह्या येळी त्यात कुत्रं बसवलं. पेपर आला तसा मी लाकडाच्या ढिगात लपवला, पण असली बातमी लपत न्हाई. मांडवात दोघं व्याही शेजारी शेजारी उभे, अक्षता टाकायच्या सोडून कुजबुजायलेत. मी मुठी आवळून तयारच होतो. आता एक शब्द वर गेला तर मी लग्नात मारामारी करणार होतो, सांगून ठेवतो.

काय झालं न्हाई. पोरीची पाठवणी झाली. बैलगाडी जुंपली, कमल अक्काच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्या गळ्यात पडली आन् मीबी रडलो. दाजी रडले न्हाईत. ते गाडीपाशी गेले आन् जुवाला हात लावून व्यंकटरावांना म्हणले, 'त्या कुत्र्याला परत आणायची सोय केलेली न्हाई म्हणतेत. नुस्तं वर पाठवून दिलं. असं करतेत का?'

इतक्या वर्षांत रूसचं काय चुकलं असं मी व्यंकटरावांच्या तोंडून कवा ऐकलं नव्हतं. त्यांनी गाडीत बसलेल्या कमलकडं बघितलं, मग दाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

'ते रूसचं चुकलंच, किशनराव,' म्हणले. 'माझ्याकडं परतीची सोय हाय. संक्रांतीला पोरीला मी स्वतः आणून सोडतो.'

दाजींनी मान हलवली. मग उपरण्यानं डोळे पुसले, आन् गाडी दिसायची बंद होईपर्यंत रस्त्यात उभे राहिले.