बिनतेलाचं पथ्य

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्याच साली पाऊस रुसला. चाकुरात लोक म्हणायचे, वाटणीत आपल्याला जिल्ह्याची पाटी आली, पाणी उस्मानाबादकडं गेलं.

दुष्काळ म्हणून कुठल्याशा संस्थेनं पोती धाडली. आत अंगठ्याएवढ्या चपट्या बिया. उत्तरेकडं त्याला बाकला म्हणतात. पण नाव विचारायला सवड कुणाला? गावानं ‘लातुरी वाल’ म्हणून बारसं केलं आणि चुलीवर चढवले.

महादेवप्पाचं किराणा दुकान. घरात डाळींची कमी नव्हती, पण फुकटचं तेवढं पौष्टिक, असा त्याचा हिशेब. तो पिशवी भरून वाल घेऊन आला. एकुलता मुलगा सिद्धराम नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागणार होता, म्हणून घरात त्याला आतापासूनच साहेब म्हणत. साहेबांनी वाटी दोनदा मागून घेतली.

दोन दिवसांत साहेबांचे डोळे पिवळे आणि लघवी कोऱ्या चहासारखी.

शेजारच्या नागाबाईनं पापणी ओढून पाहिली. “कावीळ हाय. तेल बंद, हळद बंद. माळ मी देते.”

लिंगायताच्या पोराच्या गळ्यात लिंग होतंच. त्याच्या शेजारी काविळीची माळ आली. मुळ्यांचे तुकडे गाठीत बांधलेले असतात, गाठी सैल होतील तशी माळ लांबते. माळ लांबली की कावीळ उतरली समजायचं.

“शांतम्मा, तुझा भाऊबी असाच पिवळा पडून गेला न्हवं?” नागाबाईनं सिद्धरामच्या आईला विचारलं.

“हाव, देगलूरला. हिवतापाच्या गोळ्या चालू होत्या.”

“म्हंजी तुझ्या माहेरचीच हाय ही,” महादेवप्पा म्हणाला. दूध नासलं तरी ते बायकोच्या माहेरच्या नावावर मांडायची त्याची रीत. जन्मात एकदाच ती रक्कम बरोबर मांडली गेली, आणि तीही त्याला कळली नाही.

बिनतेलाचं द्यायचं काय? भाकरी सिद्धरामच्या घशाखाली उतरेना. मीठ घालून उकडलेले वाल तेवढे जात. शांतम्मा एकेक साल सोलून, बोटांनी कुस्करून भरवायची.

“अव्वा, बास.”

“एक घास, साहेब. ताकद येती.”

माळ छातीवरून बेंबीपर्यंत आली. “लई झ्याक उतरून राहिली,” नागाबाई म्हणाली. तेव्हा सिद्धराम भिंत धरून परसात जात होता. मग भिंत धरूनही जाता येईना, तेव्हा त्याला लातूरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होता. त्यानं रक्त पाहिलं, लघवी पाहिली, मग शांतम्माच्या मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं.

“हे रोज देत होता?”

“पथ्याचं हाय, साहेब. तेलाचा थेंब न्हाई.”

डॉक्टरनं झाकण परत लावलं. मग खुर्ची ओढून समोर बसला आणि सांगू लागला. रक्त सांभाळणारं एक द्रव्य काहींच्या अंगात जन्मापासून कमी असतं. अशा माणसाला हा वाल किंवा हिवतापाची एखादी गोळी चालत नाही, रक्त फुटतं. आईकडून मुलाला येतं. आईला स्वतःला बहुधा काही होत नाही.

“म्हंजी मीच दिलं,” शांतम्मा म्हणाली. “आधी ते, मग हे.”

“यात तुमचा दोष नाही, बाई.”

“मग कुणाचा?”

महादेवप्पाचं तोंड माहेराचं नाव घ्यायला उघडलं आणि तसंच मिटलं. त्याचं रक्त जुळलं, ते चढवलं. आता मूत्रपिंडं चालू झाली तर पोरगं वाचेल, डॉक्टर म्हणाला. खाटेखाली लघवीच्या नळीला काचेची बाटली लावली होती. सगळ्यांची नजर तिच्यावर.

शेजारच्या खाटेपाशी भोकरकडची केवळाबाई सुनेला घेऊन आली होती. सकाळपासून उपाशी.

“डब्यात काय हाय, माय? वास चांगला येऊन राहिला.”

शांतम्मानं डॉक्टरकडं पाहिलं.

“त्यांना चालेल,” तो हळू म्हणाला. “बहुतेकांना चालतं.”

तिनं डबा सरकवला. म्हातारीनं सगळा चाटूनपुसून खाल्ला. तिला काही झालं नाही.

“लई मऊ शिजविलेत. सालबी न्हाई एक. कुणासाठी केलते?”

शांतम्मानं खाटेकडं हात केला.

म्हातारी नळावर गेली, आणि डबा धुऊन घेऊन आली. “नळाला पानी आलं बघ, माय.”

खाटेखालची बाटली कोरडीच होती.