राखेची वाटी

दाराशी चपला काढल्याचा आवाज आला तशी सुनेने डोळे मिटले आणि बाळाच्या दुपट्याचे टोक मुठीत घट्ट धरले. सासूबाईंची नणंद आली होती. घरात सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. त्यांच्या पाठोपाठ कढत तेलाचा वास आत शिरला.

सकाळीच नर्स येऊन बाळाची नाळ पाहून गेली होती. "हिला काहीसुद्धा लावायचं नाही. राख नाही, तेल नाही. कोरडी ठेवा, आपोआप गळून पडेल. धनुर्वात असल्याच लावालावीतून अंगात शिरतो," असे तिने बजावले होते. सुनेने गरोदरपणात इंजेक्शने घेतली होती, नाळही कोऱ्या ब्लेडने कापलेली होती. राहिला होता एवढाच भाग. सासूबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि "झालं सांगून?" एवढेच विचारले. गल्लीत कोणाकडेही बाळ जन्मले, की नाळेला राख लावायला बोलावणे त्यांनाच यायचे. त्यांच्या शब्दापुढे बोलायची घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. म्हणून सून सकाळपासून झोप परतवीत पडली होती.

"बाळंतिणीचा डोळा लागला वाटतं," आत्याबाई म्हणाल्या. "बरंच झालं. ही घे वहिनी, राख वस्त्रगाळ करून तेलात कालवून आणलीय. अगदी तू करतेस तशी."

"कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? त्या नर्सचं ऐकून हातावर हात धरून बसणार होय? कालची पोर ती! दुधाचे दात पडले नसतील अजून, आणि निघाली जगाला शहाणं करायला."

सासूबाई हसल्या नाहीत. वाटी जमिनीवर टेकली. मग बांगड्या जवळ किणकिणल्या आणि दुपटे अलगद उलगडले गेले. सुनेला वाटले, उठावे, हात धरावा. पण सासूबाईंचा हात धरायचा?

"सुकत आलीय," सासूबाई म्हणाल्या.

"मग लाव ना बोटभर. तुझ्या हातचं लागलं म्हणून तर माझी तिन्ही पोरं धडधाकट निघाली."

"चार होती, वन्सं."

बाळाने जांभई दिली.

"त्याला दृष्ट लागली होती," आत्याबाई म्हणाल्या. "तोंड मिटलं ते मिटलंच. दूध ओढता येईना, अंग नुसतं धनुष्यासारखं..." त्या थांबल्या. "दृष्टच म्हणाली होतीस तू."

"म्हणाले होते."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

"वाटी घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या. आवाज रोजचाच होता, करडा. "आणि गल्लीत कोणी विचारलं, तर या घरात नाळेला काही लावत नाहीत म्हणून सांगा. मी सांगितलंय म्हणा."

आत्याबाईंनी वाटी उचलली. त्यांच्या चपला सावकाश पायऱ्या उतरत गेल्या.

सासूबाईंनी दुपटे बेंबीखाली दुमडून नाळ मोकळी ठेवली, आणि त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या.

"पुरे झालं सोंग," त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या. "झोप आता. मी आहे."