वाचलेली नावं

कॉलेजचं रेडिओ केंद्र सुरू झालं ते पदार्थविज्ञान विभागाच्या अडगळीच्या खोलीत. विभागप्रमुख सरांनी मोडक्या यंत्रांतून ट्रान्समीटर जुळवला, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवले आणि पहिल्याच दिवशी माइकसमोर बसताच त्यांना जी उबळ आली, ती दोन मिनिटं हटली नाही. तेव्हापासून गावाने रेडिओचं नावच 'खोकला केंद्र' करून टाकलं. सरांनी मुकाट्याने माइक प्रयोगशाळेतल्या सहायक बाईंच्या हवाली केला. बाईंचा आवाज स्वच्छ होता, आणि नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

अकरा वर्षं त्या बोलत राहिल्या. परीक्षेची वेळापत्रकं, नळाला पाणी कधी येणार, कुणाची गुणपत्रिका बसमध्ये सापडली. पुलापलीकडे आवाज पोचत नसे, पण अलीकडच्या घरांत सकाळच्या चहाला बाई असायच्याच. त्यांची थोरली बहीण तर रेडिओला उलट उत्तरं द्यायची.

मग एका सकाळी रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटला. फोन लागेनात, इस्पितळाच्या फाटकावर झुंबड उडाली. जखमींची नावं आपण वाचू, निदान काहींचा जीव तरी भांड्यात पडेल, असं सरांनी ठरवलं. इस्पितळातल्या कारकुनाने यादी पाठवली.

बहिणीचे यजमान त्याच कारखान्यात फिटर होते. 'किरकोळ जखमी, संध्याकाळी घरी सोडणार' याखाली दाजींचं नाव दिसलं आणि बाईंचे डोळे भरून आले. नावापुढे वय होतं, अठ्ठावीस. दाजी पंचेचाळिशीचे. बाईंची नजर आकड्यावर अडखळली. घाईत कारकुनाचा हात चुकला असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. वयं गाळून त्यांनी सगळी नावं वाचली. दाजींचं दोनदा.

बहिणीने ते ऐकलं आणि ती घरीच थांबली. दाजींचं अंथरूण घातलं, आंघोळीला पाणी तापवत ठेवलं.

तो अठ्ठावीस वर्षांचा फिटर वेगळाच होता, फक्त नाव तेच. दाजी वरच्या मजल्यावर, भाजलेल्यांच्या कक्षात होते. शुद्धीवर होते, बायकोला बोलवा म्हणत होते, असं नर्सने नंतर सांगितलं. चारच्या सुमारास ते गेले.

सगळ्यांनी कारकुनाला धारेवर धरलं. बहीणसुद्धा रडता रडता बाईंना म्हणाली की तुझा काय दोष, पुढ्यात आलं ते तू वाचलंस. बाईंनी मान खाली घातली आणि ते तसंच राहू दिलं.

त्या पुन्हा माइकसमोर बसल्या नाहीत. विद्यार्थ्यांनी काही दिवस केंद्र रेटलं, मग त्यांचाही उत्साह ओसरला. तिसऱ्या वर्षी खोलीला कुलूप लागलं.

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी प्राचार्यांनी केंद्राचा इतिहास बाईंनाच लिहायला सांगितला. बाईंनी चार पानं लिहिली, त्यात तो वयाचा आकडाही लिहिला. प्राचार्यांनी त्यांना बोलावून समजुतीच्या सुरात सांगितलं की ही स्मरणिका आहे, कबुलीजबाब नव्हे. छापून आलं ते एवढंच: 'दुर्घटनेच्या वेळी केंद्राने मोलाची सेवा बजावली.' खाली बाईंचं नाव.

ते वाक्य बाईंच्या घशाखाली उतरेना. मूळची चार पानं घेऊन त्या बहिणीकडे गेल्या. बहीण ओळीखाली बोट धरून सावकाश वाचत गेली. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"वय लिहिलेलं होतं?"

"हो."

"आणि तू ते पाहिलं होतंस."

"पाहिलं होतं, ताई. मला तेच नाव हवं होतं, म्हणून पुढे गेले."



"पंधरा मिनिटांवर होतं गं इस्पितळ," बहीण म्हणाली.

तिने पानं नीट जुळवून परत दिली आणि जाताना दार ओढून घे म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी भाचीचं लग्न झालं. बाईंना ते शेजारणीकडून कळलं.