दुपारपर्यंतचा चमत्कार

तापउतार महाराज शेवटी पळाले, एक चप्पल मागं टाकून. पण तसं काही घडलंच नाही असं समजा. गल्लीत सगळे तसंच समजतात. विचारलंत तर "कोण महाराज?" असं उलट तुम्हालाच विचारतील.

तर कागलच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीखाली, रोज सकाळी रांग लागायची. टाय लावलेली, दप्तर अडकवलेली, तापानं फणफणलेली पोरं आणि मागं डब्याची पिशवी घेतलेल्या आया. पाटावर महाराज. ते आजार बरा करत नसत. पोरगं शाळेला धाडायचं का घरी ठेवायचं, एवढंच सांगत. आणि उत्तर कायम एकच: धाडायचं.

"ताप म्हंजे आगाऊ पावणा," ते म्हणत. "च्या पाजला की बसतोय मुक्कामाला. दारातनंच वाटंला लावायचा. दुपारपर्यंत देवी बघती, पुढचं बाई बघतील."

मग चमचाभर गुलाबी तीर्थ. थोड्या वेळात पोराला दरदरून घाम, अंग गार, आणि पोरगं रिक्षात दंगा करायला मोकळं. आया हात जोडत आणि एमआयडीसीची बस पकडत.

संयोगिता त्यातलीच. पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला होती. वसाहत पंचतारांकित का, हे तिथल्या कँटीनमध्ये जेवून कळत नाही. सुपरवायझरचं म्हणणं सरळ होतं, "पोरगी आजारी हाय, तू न्हाईस." आणखी एक रजा मागितली की काम जाणार. म्हणून लेक मोना तापली की तीर्थ, आणि तीर्थ घेतलं की शाळा.

एका सकाळी रांगेत मोनाच्या वर्गशिक्षिका ललिताबाई येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्हालाबी ताप हाय व्हय?" महाराजांनी विचारलं.

"मला न्हाय, माझ्या वर्गाला हाय. डबा खाऊन झाला की तुमची सगळी पोरं परत तापत्यात. देवी अर्धाच दिवस कामाला असती काय?"

"देवीला दुसरी गावं असत्यात की."

रांगेला हे पटलं.

मोनानं नुकताच चमचा चाटला होता. बाई वाकल्या. "चव कशी हाय गं?"

"स्ट्रॉबेरीची."

"देवीला स्ट्रॉबेरी आवडती," महाराज घाईनं म्हणाले.

"मग देवी आमच्यातबी हाय," मोना म्हणाली. "फ्रिजच्या दारात, बाटलीत. रातीला ताप आला की आई देती."

बाईंनी पाटाखालचं फडकं ओढलं. तापाच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या एकीकडं घरंगळल्या, महाराज दुसरीकडं.

"ह्या औषधानं ताप काही तास दबतो," बाई म्हणाल्या. "आजार आत तसाच. पोरगं हसतंय, खेळतंय आणि शेजारच्याला आजार वाटत सुटतंय. औषध न देता अख्खा दिवस ताप आला न्हाय, तरच शाळा. ह्याला देवी लागत न्हाय. थर्मामीटर लागतोय, आणि घरात एक माणूस."

गंमत अशी, की रांगेत एकही तोंड चकित झालं नव्हतं. संयोगितानं पहिल्याच दिवशी चमच्याला बोट लावून चाटून बघितलं होतं. तिला तेव्हाच कळलं होतं. रांगेत तिच्या मागं उभ्या असलेल्या तानाबाईलाही. आपल्या हातानं पाजून तापलेलं पोर शाळेला धाडलं तर ते पाप, महाराजांनी पाजलं की प्रसाद. महाराज कुणाला फसवत नव्हते. ते फसायची सोय करून देत होते.

"वर्गातला आदर्श हाय दवाखान्यात," बाई हळू म्हणाल्या. "सलाईन लावलंय. त्यानं तीर्थ घेतलं न्हवतं. नुसता मोनाशेजारी बसत होता."

कंपनीची बस हॉर्न देऊन गेली. संयोगिता मान खाली घालून मोनाच्या टायची गाठ सोडत राहिली. गाठ साधीच होती, पण सुटेना.

घरी येऊन तिनं अर्ज लिहिला :

"मा. व्यवस्थापक यांस,

विषय : मुलीचा ताप तिच्या वेळेने उतरू देण्याबाबत.

महोदय, माझ्या मुलीचा ताप कंपनीच्या शिफ्टप्रमाणे उतरत नाही. यापूर्वी तो उतरला असे मी दाखवले. ते खोटे होते आणि मला ते माहीत होते. तरी ताप पूर्ण जाईपर्यंत मला भरपगारी रजा मिळावी, आणि परत आल्यावर माझी जागा माझीच असावी, ही नम्र विनंती."